इतर नावाचं कपाट

आमच्या दुकानासमोरच्या वाचनालयात शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर त्या वाचनालयाचा इतिहास लावलेला आहे. गुळगुळीत पत्रा, मागून दिव्यांचा उजेड, मोठमोठ्या माणसांचे हसरे फोटो. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती अजून खाली उतरलेली नाही. त्यात इमारत आहे, शहरातली वाचनालयं चालवणारा विभाग आहे, विभागाची दूरदृष्टी आहे, फीत कापणारे हात आहेत. माझी वहिनी नाही. अगदीच नाही असं म्हणता येणार नाही म्हणा. एका फोटोच्या कडेला तिचं कोपर आलंय. कोपर तिचंच, कारण स्वेटरला तिथे जे ठिगळ आहे ते मी लावलेलं आहे.

मला लिहायची सवय नाही. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलणं, पँट उंचीला कमी करणं, कोटाला नवं अस्तर घालणं ही माझी कामं. पण त्या पत्र्यावर जे छापलंय तेच खरं म्हणून उद्या लोक वाचणार असतील, तर मूग गिळून बसणं मला जमणार नाही.

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली त्याच वर्षी तिला वाचनालयात नोकरी लागली. मी तिच्याहून लहान, पण ती मला पहिल्या दिवसापासून 'वन्सं' म्हणते. मान द्यायला नव्हे, चिडवायला. बुटकी, गळ्यात चष्मा अडकवलेला, चष्म्याला माझ्याच दुकानातलं इलॅस्टिक. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका म्हणून सगळ्या जगाला दटावणार आणि स्वतः बिनदिक्कत तेच करणार. स्वयंपाक करता करता वाचायची, त्यामुळे आमच्या घरात करपलं नाही असं भांडं शोधून सापडणार नाही. दादा बसच्या आगारात मेकॅनिक. तो कधी काही बोलला नाही. फक्त जेवायला बसताना विचारायचा, "आज पुस्तक चांगलं होतं वाटतं?"

वाचनालय म्हणजे मूळचं पाणीपुरवठा खात्याचं गोदाम. मोठाले पाइप ठेवायची जागा. भिंतींना ओल, खिडक्या उंचावर, दार लोखंडी. शहरात दुसऱ्या कुठल्याच कामाला ती इमारत कोणी घेईना, म्हणून ती आमच्या वस्तीच्या गळ्यात मारली आणि वर वाचनालयाची पाटी लावली. पुस्तकंही तशीच. इतर भागांतल्या वाचनालयांनी नको म्हणून काढलेली गठ्ठ्यांनी यायची. घोड्यांची निगा, बागेतली कारंजी, शिकारीच्या आठवणी. आमच्या वस्तीत लोकांना खिडकीत कुंडी ठेवायला जागा नाही, आणि म्हणे कारंजी!

मग पलीकडे पॅकिंगचा कारखाना आला आणि त्याच्या मागोमाग माणसं आली. दूरदूरच्या देशांतली, नाना भाषा बोलणारी. एकेका खोलीत सहा-सहा जण. पाळी संपवून आलेला झोपणार, तोवर दुसऱ्याने कुठेतरी बाहेर वेळ काढायचा. तो कुठे काढणार? वाचनालयात खुर्ची होती, हिवाळ्यात ऊब होती आणि 'ऊठ' म्हणणारं कोणी नव्हतं. वहिनी म्हणायची, "बसू देत गं. बसलेला माणूस आज ना उद्या वाचतो."

पण वाचणार काय? घोड्यांची निगा? वहिनीने विभागाकडे त्या लोकांच्या भाषांतली पुस्तकं मागितली. उत्तर आलं की अशी मागणी असल्याचं विभागाच्या निदर्शनास आलेलं नाही. मागणी खुर्च्यांवर बसलेली होती, पण निदर्शनास यायला कोणीतरी येऊन बघायला नको का? शेवटी वहिनीने त्या लोकांनाच विचारलं. एक सुतार होता, उंच, अबोल, माझ्या दुकानातलं कापडाचं टेबल त्यानेच दुरुस्त केलंय. तो दुसऱ्या दिवशी कापडात गुंडाळून चार पुस्तकं घेऊन आला. देश सोडताना भांडीकुंडी टाकून पुस्तकं बरोबर घेतलेला माणूस तो. त्याचं बघून बाकीचे आणू लागले. हळूहळू मागच्या खोलीतलं एक कपाट भरलं, मग दुसरं. विभागाच्या यादीत या भाषांना नंबरच नव्हता, म्हणून वरून पट्टी आली: 'इतर'. वाचनालयात येणाऱ्या दहांतली आठ माणसं त्या कपाटापाशी, आणि ती म्हणे इतर. मग मुख्य कोण? घोडे?

आता वहिनीची एक चूक सांगते. लपवण्यासारखी नाही, उलट तिच्यामुळेच पुढचं सगळं झालं. पुस्तक परत कधी करायचं ती तारखेची चिठ्ठी पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवायची अशी पद्धत. वहिनीने 'इतर'मधल्या सगळ्या पुस्तकांना डिंक लावून मन लावून चिठ्ठ्या चिकटवल्या. सुताराची भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात. त्यांचं पुस्तक आपल्या दृष्टीने मागून सुरू होतं. म्हणजे वहिनीला जे पहिलं पान वाटलं ते शेवटचं, आणि त्या भाषेतल्या प्रत्येक कादंबरीचा शेवट तिने पक्का चिठ्ठीखाली गाडून टाकला.

कोणी काही बोललं नाही. बरेच महिने नाही. लोक तिथेच बसून पुस्तकं वाचत, शेवटच्या पानापाशी थांबत आणि नमस्कार करून परत देत. एक दिवस सुतार मुलीला बरोबर घेऊन काउंटरपाशी आला. मुलगी इथल्या शाळेत आपली भाषा शिकलेली. ती म्हणाली, "बाबा विचारतायत, शेवट वाचायचा असेल तर अर्ज कुठे करायचा?"

वहिनीला कळेना. "कसला अर्ज?"

"शेवट झाकलेला असतो ना. बाबांना वाटलं, इथे तसा नियम असेल. परवानगी घ्यावी लागत असेल."

वहिनी आधी हसत सुटली. हसता हसता तिने पुस्तक उघडून बघितलं, आणि मग कपाटातलं एकेक पुस्तक काढून उघडत गेली. ती दुपारी माझ्या दुकानात आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "वन्सं, या माणसांना आपण सगळ्या गोष्टींसाठी इतके अर्ज करायला लावलेत, की गोष्टीच्या शेवटालाही अर्ज लागतो हे त्यांना खरं वाटलं." मला तेव्हाही राग आला होता. वहिनीचा नाही. ज्यांनी ज्यांनी त्या सुताराला आजवर एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं असेल, त्या सगळ्यांचा.

चिठ्ठ्या वाफेवर धरून काढायला गेलं तर पानं फाटायला लागली. मग सुतार म्हणाला, राहू दे, शेवट मला पाठ आहेत. तेव्हापासून रीत पडली. पुस्तक परत करणाऱ्याला शेवट ठाऊक असला तर त्याने तो काउंटरपाशी सांगायचा. ज्याला ठाऊक नसेल त्याने ऐकायचा. सुताराची मुलगी आणि नंतर बाकीची मुलं ते आपल्या भाषेत सांगायची, मग आपली माणसंही ऐकायला थांबू लागली. काउंटरपाशी गर्दी व्हायला लागली तशी वहिनीने ती मागच्या खोलीत नेली. सुट्टीच्या दिवशी दुपारी खोली गच्च भरायची. कोणी म्हणे शेवट असा नाहीच, कोणी म्हणे बाई शेवटी परत येते, कोणी म्हणे ती मेलीच पाहिजे. भांडणं आपल्या भाषेत व्हायची, कारण सगळ्यांना समजेल अशी तेवढीच. कितीतरी माणसं आपली भाषा शिकली ती अशी, भांडून. माझ्याशी कपड्यांच्या मापावरून हुज्जत घालायला लागली, तेव्हा मला पटलं की शिकवणी चांगली चालली आहे.

ही झाली खरी हकिकत. पत्र्यावर काय लिहिलंय? 'विभागाच्या अभिनव संकल्पनेतून कथासंध्या हा उपक्रम साकारला.' कसली संध्या? दुपारी असायचं ते!

हा पत्रा ज्याने लावला तो साहेब दोन वर्षांपूर्वी आला. तरुण, चकचकीत बूट, हातात टॅब. वाचनालयाच्या वर्धापनदिनाचा मोठा समारंभ करायचा होता आणि त्याआधी मागच्या खोलीचा लाउंज करायचा होता. सोफे, मोठा पडदा, कॉफीचं मशीन. त्यासाठी 'इतर'ची कपाटं हलवणं भाग होतं. हलवणं म्हणजे कुठे? रद्दीत. वहिनीच्या तोंडूनच ऐकलेलं सांगते. साहेब मागच्या खोलीत उभा राहून टॅबवर बोट फिरवत म्हणाला, "हे सगळं डेड स्टॉक आहे मॅडम. वर्षभरात एकही पुस्तक बाहेर गेलेलं नाही. कोणी वाचत नाही."

खोलीत तेव्हा पंधरा-वीस माणसं वाचत बसलेली.

"मग ही माणसं काय करतायत साहेब?"

"ते बसलेत. सिस्टिममध्ये वाचन दिसत नाही."

ऐका! डोळ्यांसमोर माणूस वाचतोय आणि याला सिस्टिममध्ये दिसत नाही! मी तिथे असते तर टॅबवरच कात्री चालवली असती. वहिनी म्हणाली, "पुस्तकं बाहेर गेली तर दिसतील?" साहेब म्हणाला, "अर्थात. बाहेर गेलेलं पुस्तक आम्ही रद्द करू शकत नाही. पण कोण नेणार?"

बोलण्यात तथ्य होतं, हीच तर रडकथा. पुस्तक घरी न्यायला कार्ड लागतं आणि कार्डाला पत्त्याचा कागद. एका खोलीत सहा जण ठेवणारा घरमालक कागद देतो होय? शिवाय लोकांना नाव लिहून द्यायची धास्ती. सुताराने वहिनीला एकदाच सांगितलं होतं, की त्याच्या देशात त्याच्या भावाचं नाव वाचनालयाच्याच यादीतून शोधून काढलं होतं, आणि मग भावाला न्यायला दारावर माणसं आली होती. इथले कागद त्याचे सगळे नीट होते. पण भीतीला कागद कळत नाही. इतकी वर्षं तो रोज यायचा, खोलीत बसून वाचायचा आणि पुस्तक कपाटात ठेवून घरी जायचा. त्याचं स्वतःचं दिलेलं पुस्तक!

वहिनी दुपारी दुकानात आली ती नियमांचं जुनं पुस्तक काखोटीला मारूनच. "वन्सं, हे वाच. पत्त्याचा कागद नसेल तर वस्तीतल्या दुकानदाराची हमी चालते. दुकानदार म्हणजे तू."

"मी काय हमी देणार?"

"हा माणूस माझ्या ओळखीचा आहे, एवढंच."

"ओळखीचा? अगं, प्रत्येकाची कंबर मला पाठ आहे. आणखी कसली ओळख पाहिजे?"

आठवडाभर माझ्या दुकानात कपड्यांची कामं पडून राहिली आणि मी शिक्के मारत बसले. 'कपडे दुरुस्ती' असं लिहिलेला तो शिक्का तोवर फक्त पावत्यांवर उमटला होता. कारखान्यातल्या बायका आल्या, मालधक्क्यावरचे हमाल आले, एक आजीबाई नातवाचा हात धरून आल्या. काउंटरवर वहिनी एकेकाचं नाव विचारून टाइप करत होती, आणि नाव सांगताना माणसं आवाज खाली नेत होती. सुतार तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला, रांगेत उभा राहिला, दोनदा रांग सोडून बाहेर गेला. मला दुकानातून सगळं दिसत होतं. तिसऱ्यांदा तो सरळ काउंटरपाशी गेला आणि इतक्या मोठ्याने नाव सांगितलं की मला रस्त्याच्या या बाजूला ऐकू आलं. वहिनीने ते दोनदा विचारून नीट लिहून घेतलं. आठवड्याच्या शेवटी 'इतर'ची दोन्ही कपाटं रिकामी होती.

आता कोणालाही वाटेल की साहेब वरमला असेल. छे! तो म्हणाला, "कपाटं रिकामी आहेत, म्हणजे कपाटांची गरज नाही," आणि कपाटंच उचलून नेली. पुस्तकं रद्द करता येत नव्हती ना, मग त्यांची जागा रद्द केली. खोलीत सोफे आले, बाहेर दाराशी पत्रा आला, पत्र्यावर वहिनीचं कोपर आलं. त्या दिवशी वहिनी घरी येऊन जेवली नाही. दादाने पहिल्यांदाच पुस्तक चांगलं होतं का, असं विचारलं नाही.

पण परत करायची तारीख वहिनीनेच टाकली होती, आणि ती नेमकी समारंभाच्या दिवसाची होती. मला विचाराल तर तिने ते मुद्दाम केलं. तिला विचाराल तर ती म्हणते, "मुदत मोजली तर तोच दिवस येत होता." म्हणताना मात्र ती चष्मा पुसत असते.

समारंभापुरते सोफे बाहेर काउंटरसमोर मांडले होते. विभागातली बडी मंडळी आली. प्रमुख पाहुणे आले, मोठे अधिकारी, जाडजूड गृहस्थ. वहिनीला पाहुण्यांना कॉफी द्यायचं काम दिलेलं. साहेबाचं भाषण सुरू झालं आणि दार उघडून आजीबाई आत आल्या, हातात पुस्तक. त्यांच्या मागे कारखान्यातल्या बायका, त्यांच्या मागे हमाल. आपली माणसं तारीख चुकवतील, पण ही चुकवणार नाहीत. चुकलं तर काय होतं याची त्यांना आधीच पुरती सवय आहे. वहिनीने कॉफीचा ट्रे खाली ठेवला आणि काउंटरवर जाऊन बसली. पुस्तक परत घेणं तिचं कामच होतं, तिला कोण अडवणार?

घेतलेलं पुस्तक ठेवायचं कुठे? कपाट नाही. मग ते सोफ्यावर. पहिला सोफा भरला, दुसरा भरला, पाहुण्यांसाठी राखलेला मधला मोठा सोफा भरला. आणि रीत म्हणजे रीत. आजीबाईंनी पुस्तक देताना शेवट सांगायला सुरुवात केली, नातवाने तो आपल्या भाषेत सांगितला. मागच्या बाईला तो पटला नाही. झालं, भांडण सुरू! साहेबाचं भाषण कोणालाच ऐकू येईना. त्याने वहिनीपाशी येऊन दात-ओठ खात म्हटलं, "मॅडम, ही पुस्तकं कुठेतरी ठेवा!"

"कुठे ठेवू साहेब?" वहिनीने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

प्रमुख पाहुणे अजून उभेच होते. पाय दुखायला लागल्यावर ते म्हणाले, "अहो, इथे एक चांगलं कपाट का नाही ठेवत?" साहेबाने लगेच मान डोलावली. "सर, फार छान कल्पना." लोकांनी टाळ्या वाजवल्या! दोन आठवड्यांत कपाटं परत आली, नवी, काचेची. पत्र्यावर आता एक ओळ वाढली आहे: प्रमुख पाहुण्यांच्या प्रेरणेतून बहुभाषिक ग्रंथदालन. 'इतर' हा शब्द गेला, तेवढं एक बरं झालं.

आणि वहिनीची बदली झाली. मुख्य कचेरीच्या तळघरात, जुन्या खुर्च्या-टेबलांच्या भांडारात. कारण काय, तर समारंभात शिस्तभंग. दुकानदाराच्या हमीचा नियमही त्याच महिन्यात रद्द केला. मी कचेरीत जाऊन भांडून आले, तिथल्या प्रत्येकाने कानावर हात ठेवले. वहिनी मात्र म्हणते, "कपाटं आली ना गं? मग झालं." तिचं झालं असेल. माझं नाही झालं.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी ती मला म्हणाली, "चल, एक पुस्तक आणायचंय." तिला सुताराच्या भाषेतलं मुलांचं अक्षरओळखीचं पुस्तक हवं होतं. इतकी वर्षं ती कपाटं सांभाळली, पण त्यातली एक ओळ तिला वाचता येत नव्हती, आणि आता तळघरात तिला वेळच वेळ होता. आम्ही रस्ता ओलांडून गेलो. काउंटरवर नवी मुलगी. तिने कार्ड मागितलं. वहिनीकडे कार्ड नव्हतं. काउंटरच्या आत बसणाऱ्याला कधी लागलंच नव्हतं.

"नवीन काढा मग. पत्त्याचा कागद द्या."

विजेचं बिल दादाच्या नावावर. घर दादाच्या नावावर. दुकान माझ्या नावावर. लग्न झाल्यापासून आमच्या घरात राहणाऱ्या माझ्या वहिनीच्या नावावर त्या पत्त्याचा एक कपटा नाही, हे मला त्या काउंटरपाशी उभं राहून कळलं. मी म्हटलं, "मी हमी देते." मुलगी म्हणाली, "तो नियम आता नाही." त्या मुलीला मी दोष देत नाही. नाही, देते. समोर भिंतीवर वहिनीचं कोपर आहे, मान वर करून बघायला काय झालं होतं?

मी तोंड उघडणार एवढ्यात मागच्या रांगेतून सुतार पुढे आला. त्याने खिशातून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. "माझ्या नावावर लिहा. पुस्तक यांना द्या."

"दुसऱ्याच्या कार्डावर चालत नाही."

"मग पुस्तक मी नेतो," तो म्हणाला, सावकाश, शब्द निवडत. "बाहेर मी कोणाला वाचायला देतो, ते मी बघतो."

मुलीने त्याचं नाव टाइप केलं. दाराबाहेर येऊन त्याने पुस्तक वहिनीच्या हातात दिलं आणि तो आत परत गेला. वहिनी बदलीच्या दिवशी रडली नव्हती, तळघर बघून रडली नव्हती. आता पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि गाड्या जाऊन रस्ता मोकळा झाला तरी हलेना. मी तिचा दंड धरला.

"वन्सं," ती म्हणाली, "मुदतीच्या आत परत द्यायला हवं हं. त्याच्या नावावर आहे."